झाकणाचा फोन आणि केळीचा चीक

केळीचा चीक हाताला लागला की काय होतं, हे रावेर तालुक्यात कुणाला सांगायची गरज नाही. घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा चीक ठिबकतो, वाळला की काळा पडतो, आणि कपड्यावरचा डाग त्या कपड्याबरोबरच जातो. म्हणून कटाईवर जाणाऱ्यांचे शर्ट ठरलेले असतात. अशा हातांनी काचेचा टच फोन चालवून पाहा. काच चिकट होते, बोट सरकत नाही, एका नावावर दाबावं तर दुसऱ्यालाच फोन लागतो. काच शर्टाला पुसावी तर शर्टही चिकानेच माखलेला.

गेल्या हंगामात रावेर-सावदा रस्त्यालगतच्या एका मळ्यात कटाई पाहत उभा होतो. टोळीच्या मुकादमाचा फोन वाजला. त्याने खिशातून कडा घासून पांढऱ्या पडलेला झाकणाचा फोन काढला, अंगठ्याच्या नखाने झाकण उघडलं, ट्रकवाल्याशी अर्धं मिनिट बोलला आणि फटकन मिटून फोन परत खिशात टाकला. हिरवं बटण नाही, लाल बटण नाही, पडद्याकडे पाहणंही नाही. मी विचारलं, अजून हाच वापरता?

"मले दुसरा कशाले पाहिजे भो? उघडला का बोलनं सुरू, मिटला का बंद."

घरी आल्यावर मी कपाटातून वडिलांचा जुना फोन शोधून काढला. मुकादमाच्या हातात पाहिला तोच, नोकियाचा २७२० फोल्ड. हा फोन २००९ साली आला. आत पावणेदोन इंचांच्या आसपासचा पडदा, बाहेरच्या बाजूला वेळ आणि फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारा छोटा एकरंगी पडदा, १.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा, एफएम रेडिओ, ब्लूटूथ. आजच्या मुलांना ही यादी वाचून दाखवली तर ती विचारतील, पुढे काय? पुढे काही नाही. वडिलांना त्यातलाही कॅमेरा कधी लागला नाही. रेडिओ मात्र रोज लागायचा, आणि त्यासाठी इअरफोनची वायर खोचावीच लागायची, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. मळ्यात पाणी भरताना ते वायर गळ्यात लोंबती ठेवून आवाज बाहेरच्या स्पीकरवर टाकायचे.

घडीचे फोन त्याही आधीचे. मोटोरोलाचा स्टारटॅक १९९६ मध्ये आला तेव्हा ८८ ग्रॅम वजनाचा फोन ही नवलाईची गोष्ट होती. २००४ मध्ये त्याच कंपनीचा रेझर आला, मिटल्यावर जेमतेम १४ मिलिमीटर जाडीचा, आणि घडीचा फोन श्रीमंतीची खूण झाला. आपल्याकडे १९९५ मध्ये मोबाईल सुरू झाला तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००३ मध्ये इनकमिंग मोफत झालं आणि त्यानंतर फोन खऱ्या अर्थाने शेतकऱ्याच्या खिशात आला. श्रीमंतांच्या खिशातली घडी आमच्या गावांत पोचेपर्यंत स्वस्त झाली होती. इथे तिला फ्लिप कुणी म्हटलं नाही. फोल्डिंगचा मोबाईल, नाहीतर झाकणाचा.

झाकणाचा उपयोग दिखाऊ नाही. उघडलेला फोन लांब होतो, वरचा भाग कानाशी आणि खालचा माईक तोंडाशी येतो. मोटार चालू असताना किंवा उन्हाळ्यातल्या भणभणत्या वाऱ्यात बोलताना हा वीतभर फरक समोरच्याला कळतो. मिटलेल्या फोनची बटणं आणि पडदा आत झाकलेले असतात, त्यामुळे खिशातल्या खिशात कुणाला फोन लागत नाही आणि किल्ल्यांनी पडद्यावर चरे पडत नाहीत. वाकून काम करणाऱ्या माणसाला एवढं पुरतं.

झाकण उघडलं हे फोनला कळतं कसं? बहुतेक मॉडेलांत एका पाखीत छोटा चुंबक असतो आणि दुसऱ्या पाखीत हॉल सेन्सर नावाचा ज्वारीच्या दाण्याहूनही लहान भाग. चुंबक जवळ असेपर्यंत फोन स्वतःला मिटलेला समजतो, दूर गेला की जागा होतो. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये नोंदवलेला परिणाम यामागे आहे. म्हणूनच उघडा फोन मोठ्या लाऊडस्पीकरच्या चुंबकाजवळ ठेवला तर पडदा एकाएकी काळा होऊ शकतो. लग्नाच्या मांडवात असं झालं तर लगेच दुकान गाठू नका, आधी फोन तिथून उचलून बाजूला न्या.

खरी नाजूक जागा बिजागरीत असते. बॅटरी, सिम आणि बटणं खालच्या अर्ध्यात, पडदा आणि कानाचा स्पीकर वरच्या अर्ध्यात. दोघांना जोडणारी प्लास्टिकची पातळ पट्टी बिजागरीतून जाते आणि तिच्यावर केसाहून बारीक तांब्याच्या रेषा असतात. दुरुस्तीवाले तिला नुसतं 'पट्टी' म्हणतात, कुणी 'फ्लेक्स'. चांगल्या बनावटीत ती बिजागरीत सरळ न ओढता गुंडाळीसारखी वळवलेली असते, म्हणजे दुमड एकाच रेषेवर येत नाही. दिवसाला ४० वेळा फोन उघडला तर वर्षाला १४,६०० दुमडी होतात. मुकादम तर सीझनमध्ये शंभरदा उघडत असेल. पट्टी जायला लागली की लक्षण हमखास एकच असतं: अर्धं उघडलं की पडदा दिसतो, पूर्ण उघडलं की जातो. मग माणसं फोन अर्धवट उघडून मान वाकडी करून बोलताना दिसतात. त्या वेळी झाकण जोरजोराने उघडमिट करू नये. उरलेल्या रेषाही तुटतात.

हे मला अनुभवातून कळलं. कॉलेजात असताना आठवडे बाजारात घेतलेला झाकणाचा एक चिनी फोन माझ्याकडे होता. दोन सिम, गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज, झाकणावर लुकलुकणारे दिवे. चौथ्या महिन्यात पट्टी गेली. नवी बसवली, तीही गेली. दुकानदाराने पैसे दोन्ही वेळा घेतले आणि वॉरंटीचं नाव काढलं की तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळायचा. तेव्हा राग आला होता, आणि अजूनही आहे, कारण ते पैसे घरून मागून आणलेले होते. त्याच काळात, ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीपासून, ओळख क्रमांक म्हणजे आयएमईआय नसलेले फोन देशभर बंद करण्यात आले. असे सुमारे अडीच कोटी फोन वापरात असल्याचा अंदाज होता. झाकणाच्या फोनला आमच्याकडे जी बदनामी चिकटली, 'दिसतो भारी, टिकत नाही' ही, तिचा मोठा वाटा अशा बिननावाच्या मालाकडे जातो. बिजागरी म्हणजे कमजोरी असं सरसकट मानणं मला चूक वाटतं. वडिलांचा फोन पंधरा वर्षांनंतरही तेवढ्याच ठसक्यात मिटतो.

स्टेशन रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्या भावाला मी लोकांची मतं विचारली, कारण गिऱ्हाईक फोनबद्दल खरं काय ते त्याच्याजवळच बोलतं. त्याचं म्हणणं असं की झाकणाचा फोन सोडायला तयार नसणारे दोन प्रकारचे लोक: हाताने काम करणारे आणि साठीच्या पुढचे. तक्रार दोघांची सारखीच, बॅटरी आणि सुटे भाग मिळत नाहीत. पट्टी हवी असेल तर दुसऱ्या मेलेल्या फोनमधून काढावी लागते. बॅटरी नवी म्हणून मिळते ती कधी कधी नुसती वेष्टनात नवी असते. त्यात आमचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. लिथियमची बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, फुगते, आणि मागचं झाकण आपोआप उचललं जातं. मोटारसायकलच्या डिकीत फोन टाकून भर दुपारी मळ्यात जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. फुगलेली बॅटरी टोचून किंवा दाबून बसवू नये, बदलावी.

सावद्याच्या आमच्या आत्यांनी नवा फोन घेतला तोही घडीचाच, नोकियाचा २६६० फ्लिप. हा २०२२ मध्ये भारतात ४,६९९ रुपयांना आला. फोरजीवर चालतो, आतला पडदा २.८ इंचांचा, बटणं मोठी, बॅटरी १,४५० एमएएचची आणि काढता येणारी, आणि कानाच्या यंत्राशी जुळेल अशी त्याची रचना आहे. आत्यांना कमी ऐकू येतं. शिवाय बाजूला आणीबाणीचं बटण आहे; दाबून धरलं की आधी भरून ठेवलेल्या माणसांना फोन जातात. तसं २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरल्यावर मदतीचा फोन लागावा असा सरकारी नियम आहे, पण ते फार थोड्यांना ठाऊक असतं. आत्या म्हणतात, टच फोनवर आलेला फोन उचलायचा म्हणजे हिरवं वर ओढायचं का बाजूला ओढायचं यातच तो बंद पडतो. झाकणात तो गोंधळ नाही. किंमत मात्र त्यांच्या मुलाला खटकली, आणि त्याचं बरोबर आहे. साधा बटणाचा फोन दीड हजाराच्या आत मिळतो. बिजागरी आणि दोन पडदे यांचा खर्च त्या फरकात आहे, पण रोजंदारीच्या माणसाला तो परवडत नाही.

मराठी लिहिणं हा या फोनांचा मोठा कमकुवतपणा. एका अक्षरासाठी तेच बटण तीन-चारदा दाबायचं, मग काना, मग वेलांटी. जुन्या फोनांत तर मराठी मेसेज आला की नुसते चौकोन दिसत. त्यामुळे आमच्या पिढीने मराठी रोमनमध्ये लिहायची सवय लावून घेतली ती अजून सुटत नाही.

रोजच्या शेतीत हा फोन कुठे पुरतो आणि कुठे अडतो, ते पाहू. पाण्याची मोटार सुरू करायला तो पुरतो. विहिरीवर सिम घातलेला मोबाईल स्टार्टर असला की घरून फोन लावून मोटार चालू-बंद करता येते. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी नॅनो गणेश नावाने हे तंत्र शेतकऱ्यांपर्यंत नेलं, आणि त्याला स्मार्टफोन लागत नाही. शेतीला वीज पाळीपाळीने, कधी रात्रीची येते. अंधारात सापाकिरड्याच्या वाटेने विहिरीवर जाण्यापेक्षा खाटेवरून झाकण उघडणं केव्हाही बरं. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर कोणत्याही फोनवरून लागतो. पैसे पाठवायलाही मार्ग आहे: रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू केलं. फोन लावायचा, आवाजात विचारलेल्या प्रश्नांना बटणं दाबून उत्तरं द्यायची, पैसे जातात. त्याची एका वेळची मर्यादा नंतर ५,००० वरून १०,००० रुपयांवर नेली. मजुरांचा आठवड्याचा हिशेब त्यात बसतो. तरी ज्या ज्या मजुराला मी याबद्दल विचारलं, त्याला ते माहीत नव्हतं. याची जाहिरात बसस्टँडवर, बँकेच्या दारात मोठ्या अक्षरांत व्हायला हवी होती.

अडतो तो केळीच्या भावाशी. नवती, पिलबाग, वापसी, अशा केळीच्या प्रकारांचे दिवसाचे भाव आता व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरतात. बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला, हे पूर्वी दलालाला फोन करून विचारायचं, आता फोटो येतो. झाकणवाल्याला तो दुसऱ्याकडून ऐकावा लागतो, आणि भाव उशिरा कळला की सौद्यात माणूस पडतो. पिकाची नोंदही तशीच. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. मळ्यात उभं राहून मोबाईलने पिकाचा फोटो काढून तो अॅपवरून भरायचा असतो. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते म्हणून निभावतं, शेजारच्या घरचा मुलगा भरून देतो. पण स्वतःच्या सातबाऱ्यावर स्वतःच्या केळीची नोंद व्हावी म्हणून सत्तरीच्या माणसाने कुणाच्या तरी नातवाची वाट पाहायची, हे मला पटत नाही. ओटीपी त्याच्या साध्या फोनवर येतो. तेवढ्याच भरवशाची, फोन लावून बोलण्याची सोय सरकारला करता आली असती.

झाकणाच्या जुन्या फोनांचा शेवट कधी होईल हे बिजागरी ठरवणार नाही, टॉवर ठरवतील. वडिलांचा फोन टूजीवर चालतो, आणि जिओच्या जाळ्यात टूजी नाहीच. एअरटेल, व्होडाफोन-आयडिया किंवा बीएसएनएलचं सिम लागतं. जपानमध्ये घडीच्या फोनांचं वेड आपल्याहून कितीतरी मोठं होतं, पण तिथल्या केडीडीआय कंपनीने मार्च २०२२ च्या अखेरीस थ्रीजी बंद केलं आणि धडधाकट असलेले लाखो फोन मुके झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी, पालच्या रस्त्याला लागलं की अजून काही ठिकाणी इंटरनेट चालत नाही आणि नुसता आवाज जातो. तिथली माणसं त्या जुन्या जाळ्यावर अवलंबून आहेत. ते काढून घ्यायचं ठरलंच, तर आधी त्यांच्या हातात फोरजीचा साधा, बटणाचा फोन पोचला पाहिजे.

वडिलांच्या फोनला आता चार्जर लावला आहे. नवं सिम बारीक, म्हणून जुन्या मापाचं प्लास्टिकचं जॅकेट दुरुस्तीवाल्याकडून आणलं. फोन सुरू झाला, वाजला, आणि मुकादमाशी त्यावरूनच बोललो. त्या दिवशी मळ्यातून निघताना तो म्हणाला होता, "असाच दुसरा कुठी भेटला तं सांगजा." पुढच्या कटाईला मी हा त्याच्याकडे नेऊन देणार आहे. बॅटरी दुसरी घालावी लागेल, हे त्याला आधीच सांगून ठेवलं आहे.