आहे तिथंच आहे सगळं

तहसील कचेरीच्या आवारातलं सेतू केंद्र. पंखा फिरतो आहे, पण वारा लागतो तो फक्त ऑपरेटरला. जूनचा शेवटचा आठवडा. दहावी-बारावीचे निकाल लागून गेलेत, प्रवेशाच्या तारखा अंगावर आल्यात आणि अख्ख्या तालुक्याला एकाच वेळी उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेअर हवं आहे. खिडकीपासून निघालेली रांग दाराबाहेर जाऊन चिंचेखाली पोचली आहे. मी पुतणीच्या नॉन-क्रिमीलेअरसाठी आलोय. आमच्या अर्जात त्रुटी निघाली आहे, आणि त्रुटीवाल्यांना इथे रांगेत उभं करत नाहीत, आत टेबलाशेजारच्या बाकावर बसवतात. म्हणून बाहेरच्यांना फक्त ऑपरेटरचा चेहरा दिसतो आणि मला त्याची स्क्रीन दिसते.

टेबलावर दोन कॉम्प्युटर आहेत. एक केंद्राचा, अर्ज भरायचा. दुसरा साहेबांचा. साहेब म्हणजे नायब तहसीलदार. त्यांची खुर्ची पलीकडच्या इमारतीत, लॉगिन मात्र इथे चालू. सहीचं डोंगल खोचलेलं आहे, आणि हरवू नये म्हणून त्याला फायलीची लाल नाडी बांधली आहे. त्याचा पिन टेबलाच्या काचेखाली आहे, तिरुपतीच्या फोटोशेजारी. ऑपरेटर पंचविशीतला पोरगा. डावीकडे अर्ज भरतो. मग चाकाची खुर्ची हातभर सरकवून उजवीकडे तोच अर्ज तपासतो, कारकुनाच्या नावानं शिफारस करतो, अव्वल कारकुनाच्या नावानं पुढं ढकलतो आणि साहेबांच्या नावानं सही मारतो. शासनानं ठरवलेल्या छाननीच्या सगळ्या पायऱ्या एका खुर्चीवरून उरकतात. हे मी तक्रारीच्या सुरात सांगत नाही. तो असं करतो म्हणून दाखले आज मिळतायत. नियमानं गेलं तर पोरांचे प्रवेश दिवाळीत होतील, हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

‘‘साहेब, ओटीपी आला का बघा!’’ तो फोनवर ओरडतो. साहेब जिल्ह्याला बैठकीला गेलेत. तिकडून सहा आकडे येतात, हा ते मोठ्यानं म्हणत टाइप करतो. रांगेतल्या पुढच्या दोघातिघांनाही ते ऐकू जातात. भिंतीवर कॅमेरा आहे. त्याचं तोंड रांगेकडे आहे.

खिडकीत आता एक म्हातारी आहे. लुगड्याच्या पदरात पासबुक, पासबुकात आधारची झेरॉक्स. निराधारचे पैसे फेब्रुवारीपासून खात्यात येत नाहीत.

‘‘आजी, निराधारचं इथं नसतं. त्या कोपऱ्यातल्या खोलीत जा.’’

‘‘तिथूनच आले. ते म्हणले, सेतूत जा.’’

‘‘मग लेखी अर्ज द्या.’’

‘‘देते की. पर माझं कुठं अडलंय तेवढं बघून सांग ना लेकरा. तुझ्या त्या डब्यात असंल की.’’

‘‘तसं बघता येत नाही, आजी. गोपनीय असतं ते.’’

म्हातारी रागावत नाही. बाजूला होते आणि दाराच्या पायरीवर बसून घेते. मागचा माणूस पुढे सरकतो. त्याच्या हातात आधारच्या चार झेरॉक्स आहेत, एक मागितली तर चार द्यायची आपली जुनी सवय. २०२२च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयानं सांगितलं होतं की झेरॉक्स कुणालाही देत सुटू नका, शेवटचे चार आकडेच दिसतील अशी प्रत वापरा. दोन दिवसांत सरकारनं ते पत्रक मागं घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. या केंद्रात ते पत्रक आलं काय नि गेलं काय. कोपऱ्यातल्या खोक्यात रद्द अर्जांचा ढीग आहे, आणि त्यातल्या प्रत्येक कागदावर कुणाचा तरी पूर्ण बारा आकडी नंबर आहे.

तेवढ्यात मागच्या दारानं एक पांढरा शर्ट येतो. खिशाला दोन पेनं, हातात पार्सल चहाची पिशवी. तो रांगेतला नाही आणि कचेरीतलाही नाही, तरी शिपाई त्याला बघून खुर्ची सरकवतो. कागदी कप भरले जातात. एक माझ्याही हातात येतो. ‘‘घ्या काका.’’ चहा चांगला आहे.

मग तो कीबोर्डवर एक चिठ्ठी ठेवतो. निळ्या पेनानं लिहिलेलं बाईचं नाव, खाली गाव. ‘‘एवढं एक बघ ना, भावा. हिनं मागच्या पंधरवड्यात पोराचा उत्पन्नाचा दाखला नेलाय इथनंच. नवीन पत्ता टाकला असणार.’’

ऑपरेटर एकदा रांगेकडे बघतो, एकदा चिठ्ठीकडे. खुर्ची उजवीकडे सरकते. साहेबांच्या लॉगिनमध्ये नाव टाकल्यावर तीन बायका निघतात, गाव टाकल्यावर एक उरते. तो तिचा अर्ज उघडतो. आधार, रेशनकार्ड, तलाठ्याचा अहवाल, भाडेकरार, पोराचं शाळेचं बोनाफाईड, मोबाइल नंबर, फोटो. फोटोत तिनं डोळे मोठे केलेत, पासपोर्ट फोटोत सगळेच करतात तसे. तिनं हे सगळं पोराच्या फीची सवलत मिळावी म्हणून दिलंय. पांढरा शर्ट वेळ बघितल्यासारखा मोबाइल वर धरतो. भाडेकरार आणि बोनाफाईड, दोन फोटो. स्क्रीनवरची खिडकी बंद होते. चहाची वाफ अजून निघतेय.

‘‘कोण हो ही?’’ मी विचारतो.

‘‘हप्ते थकलेत, काका. मायक्रो फायनान्सचे. गाव सोडून गेलीय.’’

असेलही. गावोगाव बायकांच्या नावावर ही कर्जं आहेत आणि वसुलीवाल्यांचे तगादेही आहेत. पण तो नवऱ्याच्या सांगण्यावरून आला असता, भावानं पाठवला असता, तरी तो हेच बोलला असता. ऑपरेटरनं तर एवढंही विचारलं नाही. मला दक्षिण कोरियातलं सुवोन आठवतं. तिथल्या एका प्रभाग कचेरीतल्या कर्मचाऱ्याला कामासाठी वाहनांची नोंद बघायची परवानगी होती. तो त्यातून पत्ते काढून विकायचा. खासगी गुप्तहेरांच्या साखळीतून त्यातला एक पत्ता डिसेंबर २०२१ मध्ये एका तरुणाच्या हाती पडला. तो त्या पत्त्यावर गेला आणि ज्या मुलीच्या मागावर होता तिच्या आईला त्यानं ठार मारलं. त्या पत्त्याचे कर्मचाऱ्याला मिळाले होते २०,००० वॉन, आपले साधारण बाराशे रुपये. चौकशीत निघालं की दोन वर्षांत त्यानं असे हजारावर तपशील बाहेर दिले होते. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याही हाती चिठ्ठीवर एक नावच आलं असणार, कशासाठी हवंय हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

‘‘असं देता येतं का?’’ मी ऑपरेटरला हळू आवाजात विचारतो.

तो खरंच चकित होतो. ‘‘काय दिलं, काका? बघितलं फक्त. आहे तिथंच आहे सगळं.’’

आणि ते खरंच आहे. जुन्या दप्तरातून फेरफाराचं पान कुणी फाडलं तर फाटलेली कड तरी राहायची, पुढचा तलाठी बोंब मारायचा. इथे काहीच कमी होत नाही. त्या बाईचा अर्ज होता तसाच आहे, तिचा दाखला वैध आहे. चोरी झाल्याचं आज तिला कळणार नाही, दारात कुणीतरी उभं राहील तेव्हा कळेल.

आपल्याकडे माहिती बाहेर गेल्याची मोठी बातमी आली की लोक परदेशी हॅकर डोळ्यांपुढे आणतात. २०१८च्या जानेवारीत ‘द ट्रिब्यून’च्या वार्ताहर बाईंना आधारचा तपशील दाखवणारं लॉगिन ५०० रुपयांत आणि दहा मिनिटांत मिळालं होतं, ते काही कुणी कुलूप तोडून नव्हे. ज्यांच्याकडून आधारचं काम काढून घेतलं त्या गावपातळीवरच्या ऑपरेटरांपर्यंत धागा जात होता. प्राधिकरणानं तक्रार नोंदवली ती त्या वार्ताहर बाईंचं नाव घालून. २०२३च्या जूनमध्ये टेलिग्रामवर मोबाइल नंबर टाकला की लस घेतलेल्याचं नाव, जन्मवर्ष, ओळखपत्राचा नंबर दिसू लागला. सरकार म्हणालं, कोविन सुरक्षित आहे. पोलिसांनी बिहारमधून एका तरुणाला धरलं, आणि त्याची आई आरोग्य कर्मचारी असल्याचं बातम्यांत आलं. माझा विश्वास या लहान तपशिलावर जास्त बसतो. घरातल्या माणसाचं लॉगिन घरातल्याच माणसाच्या हाती. आमच्या या टेबलावर वेगळं काय चाललंय?

बरं, पांढऱ्या शर्टाला चोर म्हणावं तर सरकारचं तरी काय? देशभरातली वाहनं आणि परवाने यांची माहिती खासगी कंपन्यांना देऊन केंद्रानं सुमारे ६५ कोटी रुपये मिळवले, हे २०१९ मध्ये मंत्र्यांनीच राज्यसभेत सांगितलं. पुढच्या वर्षी ते धोरण गुंडाळलं. गाडी घेताना आपण पत्ता दिला होता आरटीओला.

पांढरा शर्ट जायला निघतो आणि पायरीवर अडतो, कारण तिथे म्हातारी बसली आहे. ‘‘काय आजी, काय काम?’’ ती पासबुक दाखवते. तो तिथूनच हाक मारतो, ‘‘भावा, हे निराधारचं एक बघ रे.’’ आधारचा नंबर तो वाचून दाखवतो, पूर्ण बारा आकडे, चिंचेपर्यंत ऐकू जातील अशा आवाजात. कीबोर्ड वाजतो. मघा जे गोपनीय होतं ते दोन घोटांत बाहेर येतं. आता पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात आणि म्हातारीचं खातं जोडलेलं नाही. ‘‘बँकेत जा, आधार लिंक करा म्हणावं. मागचे सगळे येतील एकदम.’’ म्हातारी त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडते. कनवटीतून पन्नासाची नोट काढते. तो नको नको म्हणतो आणि घेतो. वर आपला मोबाइल नंबर पासबुकाच्या मागे लिहून देतो.

इथे माझी पंचाईत होते. आज सकाळपासून या कचेरीत त्या म्हातारीला तिची स्वतःची माहिती देणारा हा एकमेव माणूस आहे. ज्या दारानं दुसरीचा पत्ता गेला त्याच दारानं हिची पेन्शन अडल्याचं कारण आलं. दार बंद करा म्हणणं सोपं आहे, पण खिडकीतून हिला काय मिळालं होतं?

जेवणाच्या सुट्टीआधी साहेब येतात. घामाघूम, हातात बैठकीची फाइल. माणूस वाईट वाटत नाही. माझी त्रुटी स्वतः बघतात, एका सालाचा फरक आहे, चालेल म्हणतात. मी संधी साधून विचारतो, ‘‘साहेब, यात कुणी कधी कुठला अर्ज उघडला, त्याची नोंद राहते का?’’

‘‘राहते म्हणजे? मिनिटासकट राहते. काही लपत नाही.’’

‘‘मग तासाभरापूर्वी एका बाईचा अर्ज उघडून तिच्या भाडेकराराचा फोटो कुणी नेला, ते निघेल?’’

ते ऑपरेटरकडे बघतात. ऑपरेटर प्रिंटरकडे बघतो. मग साहेब नाडी बांधलेल्या डोंगलकडे बघतात, आणि नोंदीत तासाभरापूर्वी कोण होतं ते त्यांच्या ध्यानात येतं. तासाभरापूर्वी ते कलेक्टरसाहेबांसमोर बसून होते, आणि त्याच वेळी इथे त्यांनीच ते सगळं केलं आहे.

‘‘तुम्ही पत्रकार का?’’

‘‘नाही. पुतणीचं नॉन-क्रिमीलेअर.’’

ते खुर्ची ओढून बसतात. ‘‘या दिवसांत रोज शेकड्यांनी सह्या असतात, काका. त्यात पंचनामे, त्यात निवडणुकीच्या याद्या. मी इथं बसून एकेक अर्ज उघडू का? याला काढला तर उद्या दुसरा येईल. याला पगार कंपनी देते, तोही तीन-तीन महिन्यांनी.’’ यावर मला उत्तर सुचत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, माहिती नीट न जपणाऱ्याला त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. उद्या या कचेरीला तो झालाच, तर सरकारच्या डाव्या खिशातून उजव्या खिशात जाईल, आणि त्या भाडेकरारावरच्या बाईला दुसरी खोली तिच्या तिलाच शोधावी लागेल.

‘‘तिचा मोबाइल नंबर अर्जात आहे,’’ मी म्हणतो. ‘‘तिला निदान कळवा तरी.’’

‘‘काय सांगू फोन करून? तहसीलमधून तुमचा पत्ता गेला म्हणून?’’ ते जरा वेळ गप्प बसतात, मग ऑपरेटरकडे वळतात. आवाज एकदम कडक. ‘‘तो माणूस आत दिसता कामा नये परत. आणि पासवर्ड बदल. आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर.’’

‘‘बदलतो, साहेब.’’ खुर्ची उजवीकडे सरकते. ‘‘काय ठेवू?’’

साहेब मुलीचं नाव सांगतात.

‘‘एक आकडा लागतो, साहेब. आणि एक चिन्ह.’’

‘‘मग टाक की तुझ्या मनानं काहीतरी.’’