पहिल्या प्रेमाच्या गावी, नवऱ्यासोबत

रविवारची रात्र. रायपूरच्या शंकर नगरमधल्या आमच्या घरी जेवणं आटोपली होती आणि कोणता सिनेमा लावायचा यावर नेहमीसारखा वाद सुरू होता. मुलीला मारामारीचा हवा होता, सासऱ्यांना जुना विनोदी. शेवटी सासूबाई म्हणाल्या, ‘‘तो लाव गं, त्यात कोकण दिसतंय.’’ तो होता ‘थ्री ऑफ अस’.

भाषा हिंदी असली तरी सिनेमाचं मन मराठी आहे. दिग्दर्शक अविनाश अरुण म्हणजे ‘किल्ला’वाले. त्या मराठी चित्रपटाला बर्लिन महोत्सवात बालप्रेक्षकांच्या ज्यूरीचा पुरस्कार आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. ‘थ्री ऑफ अस’ नोव्हेंबर २०२३ मध्ये चित्रपटगृहात आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी नेटफ्लिक्सवर.

गोष्ट एवढीशीच

शैलजा देसाई (शेफाली शाह) मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात नोकरी करते. रोज इतरांचे घटस्फोट पाहते. तिला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. सगळं पुसलं जाण्याआधी तिला एकदा वेंगुर्ल्याला जायचं आहे. लहानपणीची काही वर्षं तिने तिथे काढलेली असतात.

ती नवऱ्याला, दीपांकरला (स्वानंद किरकिरे) सोबत घेऊन जाते. तिथे तिची गाठ पडते प्रदीप कामतशी (जयदीप अहलावत). शाळेतला प्रदीप आता बँकेत मॅनेजर आहे, त्याला बायको आहे, दोन मुली आहेत. फावल्या वेळात तो भरतकाम करतो.

पळून जाणं नाही, रडारड नाही, खलनायक तर नाहीच. माणसं चालतात, बोलतात, गप्प बसतात. शाळा, नृत्याचा वर्ग, जुनं घर अशी एकेक जागा पाहत शैलजा आपलंच बालपण गोळा करते. हाच या सिनेमातला प्रयोग. सुरुवातीला माझी मुलगी म्हणाली, ‘‘आई, यात काही होतच नाहीये.’’ अर्ध्या तासाने तिने हातातला मोबाइल बाजूला ठेवला होता.

तिसरा माणूस कोण?

जुने प्रेमी पुन्हा भेटतात ही कथा आपल्याला नवी नाही. गुलजारांच्या ‘इजाजत’मध्ये (१९८७) वेगळे झालेले नवरा-बायको रेल्वेच्या प्रतीक्षालयात भेटतात. ऋतुपर्ण घोष यांच्या ‘रेनकोट’मध्ये (२००४) पावसाळी दुपारी दोघं एकमेकांपासून आपली परिस्थिती लपवत राहतात. मराठीत ‘ती सध्या काय करते’ने (२०१७) हाच प्रश्न हसत-खेळत विचारला.

अशा कथांमध्ये नवरा किंवा बायको बहुतेकदा बाजूला राहते. इथे मात्र नावातच तिघं आहेत. बायको इतकी मोकळी, इतकी आनंदी आपण कधी पाहिली नाही, हे दीपांकरला जाणवतं. ते त्याला टोचतंही. पण तो तमाशा करत नाही आणि तिला एकटं सोडत नाही. प्रदीपची बायको सारिकाही (कादंबरी कदम) संशयाने घर डोक्यावर घेत नाही. शैलजा आणि प्रदीप मोठ्या पाळण्यात बसून बोलतात तो प्रसंग मुद्दाम सांगत नाही, तो पाहायलाच हवा.

आपल्या घरात पहिल्या प्रेमाचा विषय निघाला की एक तर थट्टा होते, नाही तर भांडण. हा सिनेमा तिसरी वाट दाखवतो. जुनी ओढ म्हणजे आजच्या संसाराशी बेइमानी नव्हे. पुष्कळदा माणसाला ते प्रेम परत नको असतं. त्या वयातले आपण कसे होतो, हे ओळखणारं कुणीतरी भेटावं, एवढंच हवं असतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. पण घरातलं कुणी ओळखीची वाट चुकू लागलं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

सिनेमा संपल्यावर

सुमारे शंभर मिनिटांनी पडदा काळा झाला. कुणीच उठलं नाही. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘‘अहो, माझी शाळा एकदा बघून येऊ या का?’’

त्या अमरावतीच्या. लग्न होऊन रायपूरला आल्या, त्याला चाळीस वर्षं झाली. माहेरचं घर विकलं गेलं आणि जाणं थांबलं. नागपूरमार्गे बडनेऱ्याला उतरलं की अमरावती जवळच. पण इतक्या वर्षांत त्यांनी कधी म्हटलं नाही आणि आम्हीही कुणी विचारलं नाही.

सासरे थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘जाऊ या की. पण तिथे कुणी प्रदीप नाही ना?’’

सासूबाई पदर तोंडाशी धरून हसल्या. उत्तर काही दिलं नाही.

सासऱ्यांनी मात्र मुलीला हाक मारली, ‘‘बेटा, बडनेऱ्याची तिकिटं बघ. दोन काढ.’’