यंत्र शहाणे, पण पाणी कसे?

सोयाबीनचे किंवा उसाचे पैसे हाती आले, की हल्ली पुष्कळ घरांत कपडे धुण्याचे यंत्र येते. घरच्या बाईच्या हातांना आणि कंबरेला विसावा मिळावा, हा हेतू चांगलाच आहे. पण काही घरांत पुढे कुरकुर सुरू होते : पांढरे कपडे मळकट दिसतात, टॉवेल ताठ होतात, पावडर मात्र जास्त लागते! मग सारा दोष यंत्राच्या माथी. तो खरोखर यंत्राचा असतो का?

यंत्राला शहाणपण कुठून आले, ते आधी पाहू. १९६५ साली अमेरिकेतील प्राध्यापक लोत्फी झादे यांनी ‘थोडे’, ‘बरेच’, ‘फार’ अशा मोघम गोष्टींचे गणित मांडले. त्याच्या आधारे जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९९० साली धुण्याचे यंत्र बाजारात आणले. अशा यंत्रात पाण्यातून प्रकाश सोडतात. पाणी गढूळ असेल तर पलीकडे उजेड कमी पोचतो. त्यावरून मळ किती ते ताडून यंत्र धुण्याचा वेळ ठरवते.

पण बरं का, विहिरीचे जड पाणी दिसायला काचेसारखे नितळ असते! त्यात विरघळलेले चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार उजेड अडवीत नाहीत. म्हणून या ‘डोळ्या’ला ते दिसत नाहीत. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, तेच हे पाणी. क्षारांशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका बनतो आणि तो कपड्यांत बसतो. पावडरीचेही बळ कमी होते. पाणी तापवणाऱ्या यंत्रात तर तापणाऱ्या नळीवर पुटे चढतात.

गुरुजी, हा प्रयोग वर्गात जरूर करा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचे साठवलेले पाणी, दुसरीत तेवढेच विहिरीचे पाणी भरा. साध्या साबणाचे पाणी थेंबथेंब टाकून हलवा आणि फेस टिकेपर्यंत थेंब मोजा. पावडर घेऊ नका. तिचा फेस जड पाण्यातही होतो. विहिरीच्या पाण्याला थेंब पुष्कळ जास्त लागले, तर ते जड समजावे.

मग उपाय काय? पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी धरून धुण्याला वापरा. हाताने धुताना बादलीत थोडा धुण्याचा सोडा टाका. लोकर व रेशीम मात्र त्यात घालू नका. यंत्रात चढलेली पुटे लिंबूसत्त्वाने निघतात. पण त्याआधी यंत्राबरोबरची पुस्तिका वाचा. यंत्र घ्यायचेच असेल, तर पाणी आधी पारखा.

यंत्र कष्ट वाचवील. पण आपल्या विहिरीची ओळख आपणच ठेवायला हवी, नाही का?