फी भरतात, येत नाहीत

जानेवारीत ट्रेडमिलसाठी लागलेली रांग मार्चपर्यंत ओसरते, पैसे मात्र वर्षभराचे भरलेले असतात. स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांमधल्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे लोक महिन्यातून सरासरी चार-साडेचार वेळाच फिरकत होते. म्हणजे एक खेप १७ डॉलरच्या वर गेली. दहा खेपांचा पास घेतला असता, तर तीच १० डॉलरला पडली असती. शिवाय शेवटची खेप आणि सभासदत्व रद्द करणं यांत सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ जात होता. मालकाच्या वहीत हे सगळे 'टिकलेले' सभासद. आळस आणि जिव्हाळा वहीत एकाच रकान्यात पडतात, इथेच हिशेब फसतो.

आपल्याकडच्या तालमीत हा रकाना वेगळा होता. हौदातली तांबडी माती ताक, तेल, हळद घालून मुरवायची आणि रोज खोऱ्याने उकरायची, हे काम नव्या पोराच्याही वाट्याला यायचं. जी माती आपण उकरली ती परकी वाटत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जोड. कुस्तीचा सराव एकट्याने होत नाही. एक गडी आला नाही की दुसऱ्याचाही दिवस वाया. वस्तादाने 'काल कुठं होतास?' म्हणून दरडावलं तर त्यात प्रेम असेलही, पण कारण रोकडं होतं: खाडा दुसऱ्याला महागात पडत होता. जिममध्ये नेमकं उलट आहे. तुम्ही गेला नाहीत तर एक यंत्र मोकळं राहतं, गर्दी कमी होते आणि मालकाला जागेपेक्षा जास्त सभासद करून घेता येतात. जिथे आपल्या न येण्याने कुणाचंच अडत नाही, तिथली ओढ वातानुकूलन आणि नव्या यंत्रांवर फार काळ तगत नाही. पलीकडच्या चौकात त्याहून चकचकीत जिम निघेपर्यंतच काय ती.

तालमीची फी नाममात्र होती म्हणून लोक टिकले, असं कुणी म्हणेल. पण स्वस्ताई माणसाला उंबऱ्यापर्यंत आणते, पहाटे पाचला उठवत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मग इतक्या तालमी ओस का पडल्या? कुस्तीला पूर्वीचा आश्रय उरला नाही, घराजवळची नोकरी गेली, वेळ गेला. या गोष्टी कुठलाही जिव्हाळा भरून काढू शकत नाही. तरी कोल्हापुरात पाहा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावं आज शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यांत घुमतात. खेळच बदलला, तरी पेठेची माणसं तालमीच्याच नावाने ओरडतात. तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ही आपुलकी दारातच माणसं निवडत होती. बायकांना तर बहुतेक तालमींत प्रवेशच नव्हता. आणि कामावरून थकून आलेल्या कुणाला तासभर कुणीच काही विचारू नये असंही वाटतं. त्याची गैरहजेरी जाहीर करणं म्हणजे छळच.

म्हणून वस्तादाची नक्कल करण्यात अर्थ नाही. जोडीची सोय मात्र करता येते. सहाच्या बॅचमधल्या दोघींना एकमेकींच्या वेळा बांधून देणं, पहिल्या आठवड्यात नवख्याला लेग प्रेसची सीट पुढे कशी सरकवायची ते दाखवायला जुन्या सभासदाला सांगणं, याला खर्च येत नाही. नवखा सोडून जातो तो बहुतेकदा व्यायामाला कंटाळून नाही, आरशांच्या खोलीत आपण बावळट दिसतो या भीतीने. दाराशी बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राला कोण किती दिवस आलं नाही हे नेमकं ठाऊक असतं. तरी बहुतेक ठिकाणी पहिला मेसेज जातो तो नूतनीकरणाची तारीख जवळ आली की, सवलतीच्या आकड्यासकट.