आंतरमहाविद्यालयीन कबड्डी हंगाम (परभणी जिल्हा)

परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयांचे कबड्डी संघ पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत ज्या क्रमवार स्पर्धांत उतरतात, त्या स्पर्धांच्या मालिकेस आंतरमहाविद्यालयीन कबड्डी हंगाम म्हणतात. हा हंगाम सर्वांसाठी सारख्या लांबीचा नसतो. एखाद्या संघासाठी तो चाळीस मिनिटांत संपतो, तर त्याच संघातील एखाद्या खेळाडूसाठी तो काही महिने चालू राहतो.

संलग्नता

जिल्ह्यातील परभणी, गंगाखेड, सेलू, जिंतूर, मानवत, पूर्णा, सोनपेठ आदी ठिकाणची पारंपरिक महाविद्यालये नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९९४ मध्ये हे विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी येथील खेळाडू औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाकडून खेळत. परभणी शहरातच १९७२ मध्ये स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने आज ते ओळखले जाते. त्याचा संघ स्वतंत्र असतो. त्यामुळे एकाच गल्लीत वाढलेले, एकाच मैदानावर चढाई शिकलेले दोन मित्र पुढे दोन विद्यापीठांच्या गणवेशात समोरासमोर येऊ शकतात.

हंगामाचे टप्पे

महाविद्यालय सुरू झाल्यावर क्रीडा संचालक निवड चाचणी घेतात. संघात बारा खेळाडू असतात व त्यांपैकी सात प्रत्यक्ष मैदानात उतरतात. वजनाची मर्यादा पुरुषांसाठी ८५ किलो, तर महिलांसाठी ७५ किलो आहे. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत खेळला जातो आणि एका चढाईस ३० सेकंद मिळतात.

महाविद्यालयांच्या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. पहिल्याच सामन्यात पराभव झाला, तर दोन महिन्यांचा सराव तेथेच थांबतो. विजेत्या संघाचाही प्रवास विद्यापीठाच्या अंतिम स्पर्धेपलीकडे जात नाही. ही या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची आणि बाहेरच्यांच्या सहसा ध्यानात न येणारी गोष्ट होय. येथून पुढे महाविद्यालयाचा संघ उरत नाही. निवड समिती वेगवेगळ्या महाविद्यालयांतून खेळाडू वेचून विद्यापीठाचा संघ बांधते. पराभूत संघातील उत्तम पकडपटू त्यात निवडला जाऊ शकतो, आणि विजेत्या संघातील बहुतेक जण घरी परततात. काही आठवड्यांपूर्वी ज्याचा पाय धरून ठेवला, त्याच्याच हातात हात गुंफून बचावाची साखळी करावी लागते. सराव शिबिर हे केवळ तंदुरुस्तीसाठी नसून या जुळवाजुळवीसाठीही असते.

विद्यापीठाचा संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत खेळतो. तेथील पहिले चार संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस पात्र ठरतात. याखेरीज महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी १९९७ पासून ‘अश्वमेध’ हा क्रीडा महोत्सव भरतो. २०२० मध्ये भुवनेश्वर येथे सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धांतही कबड्डीचा समावेश आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलशी तुलना

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो. वरच्या श्रेणीतील प्रत्येक संघास जिंको वा हरो, साधारणतः बारा सामने मिळतात, आणि राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत संघ आपल्या संस्थेच्याच नावाने खेळतो. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. प्रेक्षकसंख्येची तुलना येथे अप्रस्तुतच. परंतु हरल्यानंतर पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळायला मिळणे हा फरक मोठा आहे. सुधारण्याची संधी त्या वेळापत्रकातच आहे. आपल्याकडे खेळाडूला त्यासाठी पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते, आणि तीन वर्षांच्या पदवीत अशी वाट फार तर दोनदा पाहता येते.

मैदान व ऋतू

पुरुषांचे मैदान १३ × १० मीटर, तर महिलांचे १२ × ८ मीटर असते. जिल्ह्यातील जमीन मुख्यतः काळी, कापसाची. पाऊस पडला की ती पायाला चिकटते आणि उघडीप मिळाली की भेगाळते. म्हणून मैदानासाठी दुसरी माती आणून पसरावी लागते. सोयाबीनची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते, आणि शेतकरी कुटुंबातील मुले नेमक्या सरावाच्या दिवसांत गावी जातात. वरच्या स्पर्धा मॅटवर व बूट घालून होतात. मातीत अनवाणी खेळलेल्या चढाईपटूचा पाय मॅटवर वेगळ्या रीतीने वळतो. ज्या महाविद्यालयाकडे मॅट नाही, त्याच्या खेळाडूला हा फरक विद्यापीठाच्या शिबिरातच प्रथम कळतो.

प्रमाणपत्र व नोकरी

महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ घेण्यासाठी क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. केवळ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील यश त्यासाठी पुरेसे ठरत नाही; त्यामुळे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने महाविद्यालयाच्या करंडकापेक्षा विद्यापीठाच्या बारा जणांच्या यादीतील नाव अधिक मोलाचे असते.