सीट बदलण्याची घाई नको

मूल वाढलं की कारमधली त्याची सीट बदलायला पालक उत्सुक असतात. पण प्रत्येक बदलात संरक्षण थोडं कमी होतं, म्हणून तो लांबवता येईल तितका लांबवावा. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसली, तर मागे तोंड केलेल्या सीटची पाठ डोकं, मान आणि कणा एकत्र झेलते. पुढे तोंड असेल तर पट्टे धड रोखतात, डोकं मात्र पुढे फेकलं जातं. युरोपातला आर १२९ नियम म्हणूनच किमान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड बंधनकारक करतो. पाय दुमडतात ही तक्रार खरी आहे, पण मुलं मांडी घालून सहज बसतात.

‘मांडीवर घट्ट धरू की!’ हा आक्षेप गणितात टिकत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे २०० किलो वजन पेलण्याइतकं बळ लागतं. आपला २०१९ चा सुधारित मोटार वाहन कायदा १४ वर्षांखालील मूल सुरक्षित न बांधल्यास १,००० रुपये दंड सांगतो, पण त्याला साधा पट्टाही चालतो. साधारण १४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत तो पट्टा पोटावर आणि मानेवर येतो. तोवर मुलाला उंच बसवणारा बूस्टर हवाच, आणि जागा मागच्या सीटवर.