डोकेदुखी आणि कपाटातली जुनी फाइल

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, किमो झाली, शेक झाले आणि बाई पुन्हा घरच्या, शेतातल्या कामाला लागली की अकोला-अमरावतीकडच्या घरांत आजार संपला असं धरलं जातं. फाइल कपाटात जाते. अनेकींच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण काही वर्षांनी तिचं डोकं दुखू लागलं, तर आधी ऊन, मग पित्त, मग चष्म्याचा नंबर, अशी कारणं निघतात. पाय जड झाले तर ‘मणक्यात गॅप’. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जाणाऱ्या अकोल्यात उन्हावर संशय येणं साहजिकच आहे. तरीही माझं ठाम मत असं, की जिला एकदा हा कर्करोग झाला, तिच्या नव्या डोकेदुखीचा विचार त्या फाइलपासूनच सुरू व्हायला हवा.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती तीन आवरणं असतात. आतल्या दोहोंमध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव फिरतो. एका वेळी जेमतेम 150 मिलिलिटर, पण दिवसाला सुमारे 500 मिलिलिटर नवा तयार होतो आणि तेवढाच शोषला जातो. कर्करोगाच्या पेशी या द्रवात उतरल्या की कवटीपासून कंबरेपर्यंत त्यांना मोकळी वाट मिळते. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाचांत हे घडतं. ट्रिपल निगेटिव्ह आणि लोब्युलर प्रकारांत त्याचं प्रमाण जास्त. लक्षणं म्हणूनच विखुरलेली असतात: सकाळी वाढणारी डोकेदुखी, उलट्या, एकाचे दोन दिसणं, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं, पायात उतरणारी कळ, लघवी तुंबणं. मग डोळ्यांचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, आणि प्रत्येकाला आपल्या वाट्याचाच तुकडा दिसतो. त्यात पेशींचा थर पातळ, ठळक गाठ नसते, त्यामुळे साधा सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ येऊ शकतो आणि घर निर्धास्त होतं. इथे मेंदूचा आणि पूर्ण मणक्याचा कॉन्ट्रास्ट एमआरआय लागतो, आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी.

त्या तपासणीचीच लोकांना धास्ती आहे. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो, असं सर्रास बोललं जातं. सुई कंबरेच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली घालतात, त्यामुळे ती रज्जूला लागत नाही. मेंदूवर दाब वाढलेला असेल तर मात्र धोका असतो, म्हणून आधी स्कॅन. आणखी एक गोष्ट घरच्यांना कुणी सांगत नाही: पहिल्या नमुन्यात पेशी सापडल्या नाहीत तरी आजार नाही असं ठरत नाही. जवळपास निम्म्या वेळा पहिला नमुना चुकतो, दुसऱ्यात शक्यता बरीच वाढते.

खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो कठोर आहे. उपचारांशिवाय हे आयुष्य बहुधा चार ते सहा आठवड्यांचं आणि उपचारांनी काही महिन्यांचं असेल, तर गरीब घराला या धावपळीत का ओढायचं? याचं उत्तर महिन्यांच्या हिशेबात पूर्ण सापडत नाही. गेलेली नजर, गेलेले पाय, लघवीवरचा गेलेला ताबा सहसा परत येत नाही. वेळेवर दिलेले शेक आणि औषधं उरलेलं वाचवू शकतात. हर-टू पॉझिटिव्ह प्रकारात काही जणी वर्षापलीकडेही जातात. न्यूयॉर्कमध्ये झालेल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मेंदू-मणक्याला प्रोटॉनचे शेक दिलेले स्तन-फुप्फुसांच्या कर्करोगाचे रुग्ण साधारण 10 महिने जगले, नेहमीच्या शेकांवरचे 6. त्यातले रुग्ण अजून बऱ्यापैकी सावरलेले होते, हे विसरू नये. उशीर झालेल्या बाईला ते दार बंदच असतं. आणि उपचार नकोच असं घरानं ठरवलं, तरी निदान झालेलं असेल तर मॉर्फिन आणि सूज उतरवणारी औषधं देऊन वेदना आवरता येते. पित्ताच्या गोळ्यांनी ती आवरत नाही.

प्रत्येक डोकेदुखीनं घाबरावं, असं याचा अर्थ कुणी घेऊ नये. दोन-तीन आठवडे टिकणारी, वाढत जाणारी, उलटी किंवा दुहेरी दिसण्यासोबतची डोकेदुखी वेगळी. तिच्यासाठी लगेच रात्रीची मुंबईची गाडी पकडायची गरज नाही. अकोल्यात 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीत 2024 मध्ये सुरू झालं. कंबरेतून पाणी काढण्याचं कौशल्य आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखणारे डॉक्टर अशा ठिकाणी असतात. नमुना पुरेसा, शक्यतो 10 मिलिलिटर घ्यावा आणि तासाभरात प्रयोगशाळेत पोचवावा, कारण पेशी लवकर विरतात. दूरच्या शहरात पाठवण्यात तोच वेळ जातो.